दोन नकार, एक होकार आणि एक 'हजर'

लेखक त्याच्या लेखनातून वाचावा, असे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मुलाखती, सत्कार, आख्यायिका हे सर्व नंतरचे, आधी संहिता. लोकप्रतिनिधीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो. त्याची भाषणे आठवतात, किस्से आठवतात. पण सभागृहात नाव पुकारले गेले तेव्हा त्याने काय उत्तर दिले, हे क्वचितच विचारतो. वस्तुतः त्याची संहिता तीच असते. ती फार छोटी असते, बहुधा एका शब्दाची. पण त्या शब्दाला त्याने स्वतःला बांधून घेतलेले असते.

आपल्याकडच्या या उदासीनतेला कारणेही आहेत. संसदेत आणि विधिमंडळांत बहुसंख्य निर्णय आवाजी मतदानाने होतात. त्यात १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येऊ लागले. त्यामुळे एखाद्या खासदाराच्या मतांवरून त्याच्या मनाचा शोध घ्यावा, तर बहुतेक वेळा हाती पक्षाचे मन लागते. अमेरिकेच्या काँग्रेसची गोष्ट वेगळी आहे. (येथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणारे तेथील विधिमंडळ.) उपस्थितांपैकी एकपंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास होकार-नकार कामकाजाच्या नोंदीत उतरवले पाहिजेत, असे तेथील राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात म्हटले आहे. परिणामी तेथे सदस्याचे मत पुढच्या पिढ्यांना वाचता येते, आणि नको असले तरी ते पुसता येत नाही.

अशा नोंदींपैकी जेनेट रँकिन यांची नोंद जगप्रसिद्ध आहे. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली ही पहिली स्त्री. १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधात आणि १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधातही मत देणारी काँग्रेसची ही एकमेव सदस्य. शांततावादाच्या इतिहासात ही दोन मते जोडीने सांगितली जातात. आम्हीही ती तशीच सांगत आलो होतो. पुढे त्यांच्या मतदानाचा क्रम मुळातून पाहू लागलो, तेव्हा या दोन नकारांच्या मध्ये एक होकार आणि अखेरीस एक निराळाच शब्द सापडला. त्याने आमची जुनी गोष्ट बिघडली हे खरे. पण बिघडलेली गोष्टच अधिक मोलाची आहे, असे आता वाटते.

रँकिन यांचा जन्म १८८० सालचा, मोंटानातील मिझूला गावाजवळचा. मोंटानाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. तेथील विद्यापीठातून त्या १९०२ साली पदवीधर झाल्या आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत आल्या. मोंटानाच्या पुरुष मतदारांनी १९१४ साली स्त्रियांना मताधिकार दिला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, रँकिन रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार म्हणून प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. अमेरिकेतील सर्व राज्यांत स्त्रियांना मताधिकार मिळायला अजून चार वर्षे होती. बहुतेक राज्यांत जिला मत देता आले नसते, अशी स्त्री आता त्या राज्यांसाठीही कायदे करणार होती.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी संयुक्त सभागृहापुढे ठेवली. जगात लोकशाही सुरक्षित व्हावी, यासाठी हे युद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ४ एप्रिलला सिनेटने ८२ विरुद्ध ६ मतांनी ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहातील चर्चा लांबत गेली आणि मतदान ६ एप्रिलच्या पहाटे झाले. पहिल्या फेरीत नाव पुकारले गेले तेव्हा रँकिन गप्प राहिल्या. माजी सभापती जोसेफ कॅनन त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, की तुम्ही या सभागृहात देशातील स्त्रियांच्या प्रतिनिधी आहात, मत न देणे तुम्हाला परवडणार नाही. दुसऱ्या फेरीत नाव आले तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मला माझ्या देशाच्या बाजूने उभे राहायचे आहे, परंतु मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही." नावे पुकारली जात असताना भाष्य करायचे नाही, असा सभागृहाचा संकेत होता, तो त्यांनी मोडला. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला.

येथे या पन्नासाच्या आकड्याकडे लक्ष वेधले पाहिजे. विरोधात मत देणारे आणखी ४९ जण होते आणि ते सर्व पुरुष होते. सभागृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते क्लॉड किचिन हेही त्यांत होते. पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती एका मताची, आणि त्याहून अधिक एका स्त्रीच्या अश्रूंची. रँकिन रडल्या, थरथरल्या, असे वृत्तपत्रांनी छापले. त्या रडत होत्या काय, असे पुढे त्यांचे सहकारी फियोरेलो ला गार्डिया यांना विचारण्यात आले, तेव्हा आपल्याच डोळ्यांत पाणी असल्याने ते दिसले नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुरुषाचा नकार हे मत आणि स्त्रीचा नकार ही भावना, ही वाचनपद्धती साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. स्त्रियांच्या लेखनावरील कितीतरी जुन्या समीक्षेत आपण ती पाहिली आहे. मताधिकार चळवळीतील नेत्याही खूश नव्हत्या. कॅरी चॅपमन कॅट यांच्या संघटनेने आधीच सरकारला युद्धकार्यात सहकार्य देऊ केले होते. या नकारामुळे स्त्रिया राज्यकारभाराला दुबळ्या समजल्या जातील, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही.

प्रचलित गोष्ट येथून एकदम १९४१ वर उडी मारते. मधली पाने वाचली, की चित्र गुंतागुंतीचे होते.

युद्ध पुकारले गेल्यानंतर रँकिन यांनी युद्धकार्याशी असहकार पुकारला नाही. सैन्यासाठी माणसे आणि युद्धासाठी पैसा उभा करणाऱ्या प्रस्तावांना त्यांनी मते दिली. त्याच काळात, युद्धाच्या नावाखाली मतस्वातंत्र्य आवळणाऱ्या १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याला त्यांनी विरोध केला. सरकारी नोटा छापणाऱ्या कार्यालयात स्त्रियांना अतोनात तास राबवले जात होते. त्याची चौकशी करवून तेथे आठ तासांचा दिवस आणवण्यात त्यांचा वाटा होता. जून १९१७ मध्ये मोंटानातील ब्यूट शहराच्या तांब्याच्या खाणीत आग लागून दीडशेहून अधिक कामगार मेले आणि संप उसळला, तेव्हा त्या कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. मोंटानात तांब्याच्या धंद्याशी वैर घेणे युद्धविरोधी मताइतकेच महाग होते.

मग ७ डिसेंबर १९१७ हा दिवस आला. ठराव ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा होता. तो ३६५ विरुद्ध १ मताने संमत झाला आणि तो एक नकार रँकिन यांचा नव्हता. तो न्यूयॉर्कचे समाजवादी सदस्य मेयर लंडन यांचा होता. रँकिन यांनी होकार दिला.

होकार देताना त्या जे बोलल्या, त्याचा आशय असा. युद्ध हा आंतरराष्ट्रीय तंटे सोडवण्याचा मूर्ख आणि निष्फळ मार्ग आहे, असे आपले अजूनही मत आहे. पण आज द्यायचे मत युद्धघोषणेवरचे नाही. तसे असते, तर आपण विरोधात मत दिले असते. आधीच पुकारलेले युद्ध चालवण्यातील ही केवळ तांत्रिक बाब आहे. म्हणून जशी पैशासाठी आणि माणसांसाठी मते दिली, तसेच यालाही मत देऊ.

हे निवेदन आम्ही प्रथम वाचले तेव्हा निराश झालो, हे कबूल केले पाहिजे. ज्या व्यक्तीने आठ महिन्यांपूर्वी एका वाक्यासाठी सभागृहाचा संकेत मोडला, तिनेच दुसऱ्या साम्राज्याविरुद्धच्या युद्धाला 'तांत्रिक बाब' म्हणावे, हे पटेना. निवेदनाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकमेकांशी भांडत आहेत. पूर्वार्धात विश्वास आहे आणि उत्तरार्धात वकिली आहे. तथापि तिसऱ्या वाचनात आमच्या लक्षात एक गोष्ट आली. रँकिन यांनी हा होकार लपवला नाही. मुकाट्याने मत देऊन त्यांना खाली बसता आले असते. त्याऐवजी आपला विरोध आणि आपली तडजोड ही दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी मांडली आणि त्यांतली विसंगती इतिवृत्तात राहू दिली.

या होकारामागील हेतू कोणते, याचा तर्क करणे सोपे आहे. महिनाभरातच मताधिकाराची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहापुढे यायची होती. १० जानेवारी १९१८ रोजी त्या चर्चेचा प्रारंभ रँकिन यांनीच केला. लोकशाही सुरक्षित करण्यासाठी युद्ध पुकारणारी हीच काँग्रेस आपल्या देशातील स्त्रियांना लोकशाहीचा हा लहानसा वाटा नाकारणार असेल, तर लोकशाहीचा अर्थ आम्ही लोकांना काय सांगायचा, असा त्यांचा सवाल होता. ठराव २७४ विरुद्ध १३६ मतांनी संमत झाला. दोनतृतीयांशासाठी नेमकी २७४ मतेच लागत होती. एकही कमी पडले असते, तर ठराव बुडाला असता. पुढे सिनेटने तो अडवला आणि घटनादुरुस्ती अमलात यायला १९२० साल उजाडले, तेव्हा त्या काँग्रेसमध्ये नव्हत्या. ज्या युद्धाला त्यांनी नकार दिला होता, त्याच युद्धाच्या उद्दिष्टाचा आधार त्यांनी स्त्रियांच्या हक्कासाठी घेतला, हा उपरोध नोंदवण्यासारखा आहे. पण डिसेंबरचा होकार जानेवारीच्या ठरावासाठी दिला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या स्वतः तसे म्हणाल्या नाहीत; आणि संहितेत नसलेला हेतू संहितेवर लादू नये, हा आपलाच नियम आहे.

एवढे मात्र म्हणता येते, की तडजोडीने त्यांची जागा वाचली नाही. मोंटानाच्या विधिमंडळाने राज्याचे दोन मतदारसंघ पाडले आणि रँकिन यांच्या वाट्याला विरोधी पक्षाचा बालेकिल्ला आला. म्हणून १९१८ मध्ये त्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या. पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या, मग तिसऱ्या पक्षातर्फे लढल्या आणि पुन्हा हरल्या.

याच १९१८ साली आपल्याकडे खेडा जिल्ह्यात गांधीजी ब्रिटिश सैन्यासाठी भरती करीत गावोगाव फिरत होते. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने सैनिक मागावेत, हे त्यांच्या निकटवर्तीयांनाही उमगत नव्हते आणि गावकऱ्यांचा प्रतिसादही थंड होता. हे दोन प्रसंग एकच आहेत, असे आम्हाला सुचवायचे नाही. परंतु ज्यांच्या नावावर आपण अढळ तत्त्वनिष्ठा लिहून टाकली आहे, त्यांच्याही आयुष्यात माणसांसाठी मत देण्याची अशी वर्षे येतात. ती वगळून लिहिलेले चरित्र गुळगुळीत होते आणि वाचकाच्या उपयोगाचे राहत नाही.

पुढची वीस-बावीस वर्षे रँकिन यांनी सभागृहाबाहेर काढली. १९१९ मध्ये जेन ॲडम्स यांच्यासमवेत त्या झुरिकच्या स्त्रियांच्या शांतता परिषदेला गेल्या. जॉर्जियात साधे घर करून राहिल्या. १९३० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये युद्धविरोधी संघटनेसाठी त्यांनी सदस्यांच्या गाठीभेटी घेतल्या. माता व बालकांच्या आरोग्यासाठी त्यांनी मांडलेल्या विधेयकाची कल्पना १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यात साकार झाली. १९४० मध्ये साठाव्या वर्षी त्या मोंटानातून पुन्हा निवडून आल्या. अमेरिकन सैन्य देशाबाहेर पाठवायचे, तर काँग्रेसची स्पष्ट संमती हवी, अशी दुरुस्ती त्यांनी १९४१ च्या प्रारंभी सुचवली. ती फेटाळली गेली.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. 'तांत्रिक बाबी'ला होकार दिल्याला त्या दिवशी बरोबर चोवीस वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी ठराव आला. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य. प्रतिनिधिगृहात रँकिन बोलण्यासाठी पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या. सभापती सॅम रेबर्न यांनी त्यांना बोलू दिले नाही. सहकाऱ्यांनी मत बदलण्याची विनवणी केली. त्यांनी नकार दिला: स्त्री असल्यामुळे मी युद्धावर जाऊ शकत नाही आणि दुसऱ्या कोणाला पाठवण्यासही तयार नाही, असे त्यांचे म्हणणे. मतांची नोंद झाली ३८८ विरुद्ध १. या वेळी सोबतीला ४९ जण नव्हते. जमावाच्या रोषापासून बचाव करण्यासाठी त्यांना दूरध्वनीच्या खोक्यात आश्रय घ्यावा लागला आणि तेथून पोलिसांनी त्यांना कार्यालयात पोहोचवले. भाऊ वेलिंग्टन यांनी कळवले, की मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. कॅन्ससमधील संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी या मताशी संपूर्ण असहमती दर्शवूनही लिहिले, की असे करावेसे बहुधा शंभर पुरुष सदस्यांना वाटले असेल, पण धैर्य त्यांतल्या एकालाही झाले नाही.

गोष्ट सामान्यतः येथे संपवली जाते. पण ११ डिसेंबर १९४१ रोजी, अवघ्या तीन दिवसांनी, जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव आले. ते ३९३ विरुद्ध शून्य आणि ३९९ विरुद्ध शून्य असे संमत झाले. दोन्ही वेळा नाव पुकारले गेल्यावर रँकिन यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या: 'हजर'.

आमच्या मते त्यांच्या मतदानाचे मर्म समजून घ्यायचे, तर हा शब्द १९१७ च्या होकाराशेजारी ठेवून वाचला पाहिजे. दोन्ही प्रसंगांची रचना सारखी आहे. आधी मुख्य युद्धघोषणा आणि तिला नकार. मग, युद्ध सुरू झालेले असताना, आणखी शत्रूंविरुद्ध घोषणा. १९१७ मध्ये या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी होकार दिला आणि त्याचे कारण दिले. १९४१ मध्ये त्याच जागी त्या कारण देत नाहीत आणि होकारही देत नाहीत. युद्ध आता थांबत नाही, हे त्यांना १९१७ इतकेच कळत होते. पण या वेळी त्या वस्तुस्थितीला त्यांनी आपली संमती जोडली नाही. होकारापासून 'हजर'पर्यंतचे अंतर चोवीस वर्षांचे आहे. दोन नकारांत रँकिन बदललेल्या दिसत नाहीत. त्यांच्यातील बदल दिसतो तो येथे, त्यांच्या सर्वांत कमी गाजलेल्या दोन उत्तरांमध्ये.

याचा अर्थ १९४१ चे मत बरोबर होते, असा नाही. हिटलरच्या सत्तेखाली युरोपात जे चालले होते, ते ज्ञात असताना आज त्या नकाराचे सरळ समर्थन करणे आम्हाला जमत नाही. डिसेंबर १९४२ मध्ये, रूझवेल्ट यांनीच जपानला हल्ल्यास प्रवृत्त केले असावे, असे सुचवणारे प्रश्न त्यांनी इतिवृत्तात घातले. तेही त्यांच्या भूमिकेचे बळ वाढवणारे नव्हते. 'हजर' या शब्दालाही कोणी पळवाट म्हटले, तर त्याला पूर्णतः खोडता येणार नाही. तीन दिवसांपूर्वी जिने मत बदलण्यास नकार दिला, तिला नाझी जर्मनीच्या बाबतीत 'नाही' हा शब्द उच्चारणे जड गेले असेल काय? असेल, तर ती कमजोरी की विवेक? ही उत्तरे नोंद देत नाही. मात्र हे प्रश्न विचारता यावेत, एवढी सामग्री ती आपल्या हाती ठेवते. आवाजी मतदानात हे सर्व विरून गेले असते.

१९४२ मध्ये त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. गांधीविचाराच्या ओढीने त्या १९४६ पासून अनेकदा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्च्याच्या त्या अग्रभागी होत्या. १८ मे १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८५ मध्ये मोंटानाने त्यांचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात बसवला. त्याच्या चौथऱ्यावर 'मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही' हे शब्द कोरलेले आहेत. ते त्यांचेच शब्द आहेत. पण ते अर्धे वाक्य आहे. मूळ वाक्याचा प्रारंभ 'मला माझ्या देशाच्या बाजूने उभे राहायचे आहे, परंतु' असा होता. दगडावर जागा कमी असते, हे समजण्यासारखे आहे. तथापि १९१७ चा होकार आणि १९४१ चे 'हजर' या दोहोंचे स्पष्टीकरण त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यातच आहे, असे आम्हाला वाटते. विद्यार्थ्यांना यापुढे जेनेट रँकिन यांच्याविषयी सांगताना आम्ही ते 'परंतु'सह सांगू.